बाटलीच्या तळाचे जांभळे खडे

“हे काचेचे तुकडे आहेत,” असं म्हणत किमुरा-सानांनी बाटली दिव्यासमोर तिरकी धरली. तळाशी जांभळे खडे चमकले.

किमुरा-सान एका सुपरमार्केट साखळीच्या क्वालिटी कंट्रोलच्या प्रमुख. मी त्यांना स्पॅनिश वाइन पुरवणाऱ्या तोक्योच्या ट्रेडिंग कंपनीत इम्पोर्ट बघत होतो. भूकंप आणि अणुभट्टीच्या अपघातानंतरचं ते दुसरं वर्ष. लोक खाण्यापिण्याचं प्रत्येक लेबल दोनदा वाचत. त्यांनी नकार दिला तर अख्खा कंटेनर परत जाणार होता. आणि ही वाइन मी निवडलेली.

वाइन रिओहा प्रांतातली, रोजच्या जेवणाची, स्वस्त. तिथले छोटे शेतकरी द्राक्षं आधी चिरडत नाहीत. अख्खे घड हौदात टाकतात. द्राक्षं आतल्या आत आंबू लागली की मग तुडवतात. ही वाइन ओकच्या पिंपात मुरवत नाहीत, वर्षभरात पिऊन टाकतात. म्हणून तिला ताज्या फळांचा वास.

चिंचेत असतं तेच आम्ल द्राक्षातही असतं. थंडीत त्याचा क्षार खड्यांसारखा खाली बसतो. तो निरुपद्रवी असतो. मोठे कारखाने बाटल्या भरण्याआधी वाइन खूप गार करून हे खडे टाकीतच काढतात. आमचा शेतकरी तसं करत नव्हता. त्याचे खडे तोक्योच्या कोतो भागातल्या आमच्या थंडगार गोदामात, बाटलीतच बसले.

हे सगळं मी त्यांच्या मीटिंगमध्ये बावीस स्लाइड्स दाखवून समजावलं. नऊ जणांनी माना डोलावल्या. निर्णय पुढच्या मीटिंगवर गेला.

“गेलं हातचं,” परतताना ट्रेनमध्ये माझे बॉस ओकादा-सान म्हणाले.

“का? सगळे हो-हो करत होते.”

“ऐकतोय, एवढंच सांगत होते. आधी कुणाला भेटला होतात?”

“कुणालाच नाही.”

“देशपांडे-सान, आठ जणांसमोर तुम्ही किमुरा-सानांना खोटं पाडलंत. आता त्या माघार कशी घेतील?”

इथे मीटिंगआधी एकेकाला भेटून, शंका फेडून घेतात. मीटिंगमध्ये फक्त शिक्का बसतो. तीन वर्षं हे पाहत होतो. तरी पुण्यासारखा भर सभेत वाद जिंकायला गेलो.

माझी पत्नी ललिता केमिस्ट्री शिकवायची. ती जाऊन चार महिने झाले होते. तिच्या कपाटाला मी हात लावला नव्हता. त्या संध्याकाळी लावला. तिच्या केमिस्ट्रीच्या पुस्तकात एका ओळीखाली तिने पेन्सिलीने रेघ मारली होती: हा क्षार गार पाण्यात जेमतेम विरघळतो, उकळत्या पाण्यात सहज.

दुसऱ्या दिवशी किमुरा-सानांना एकटं गाठलं.

“किटली मिळेल?”

“चहा घेणार?”

“नाही. तुमच्या काचा उकळायच्यात.”

त्या हसल्या नाहीत, पण किटली आणली. एका कपात बाटलीतले चिमूटभर खडे. दुसऱ्यात मी घरून फडक्यात बांधून आणलेला फुटक्या ग्लासचा तुकडा. दोन्हींत उकळतं पाणी ओतून ढवळलं. काच तशीच राहिली. खडे दिसेनासे झाले, पाण्याला फिकट गुलाबी झाक आली.

त्यांनी तीन नव्या बाटल्या उघडून स्वतः तेच करून पाहिलं. मग म्हणाल्या, “बाकीच्या आठ जणांकडे मी येते तुमच्याबरोबर.”

दोन दिवस आम्ही किटली घेऊन टेबलाटेबलाशी फिरलो.

पुढची मीटिंग सहा मिनिटांत आटोपली. मी एक शब्द बोललो नाही. किमुरा-सानांनीच सगळं सांगितलं, जणू शोध त्यांचाच. कंटेनर पास झाला. खडे म्हणजे काय, हे सांगणारं कार्ड त्यांनी स्वतः लिहून प्रत्येक दुकानात लावलं. उन्हाळ्याआधी माल संपला आणि त्यांनी दुप्पट ऑर्डर दिली.

स्लाइड्स मी अजूनही करतो. पण मीटिंग संपल्यावर, फाइलला लावायला.