तांदळाच्या डब्यातली अन्नपूर्णा

माझ्या जुन्या व्याख्यानांचं पुस्तक निघतंय. ते निघावं अशी माझी इच्छा नव्हती, असं म्हणणार नाही. ब्याऐंशीव्या वर्षीही असला मोह सुटत नाही. छपाईपूर्वी तपासायची पानं घरी आली आणि त्यांत ती गोष्ट पुन्हा समोर आली. माझ्या पत्नीने स्वतः विचार करून घरातला शेवटचा देव मोडीत दिला, ही ती गोष्ट. सदाशिव पेठेतल्या लहानमोठ्या सभागृहांत मी ती चाळीस वर्षं सांगितली. ती खोटी आहे.

मुकाट्याने खोडता आली असती. पण जे इतकी वर्षं माईकवरून सांगितलं ते घरात बसून गुपचूप खोडायचं, हे बरोबर वाटेना. म्हणून त्या पानाच्या जागी हे छापायचं आहे.

मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचो आणि सुट्टीच्या दिवशी नास्तिकतेवर बोलायचो. देव मानायला मला पुरावा सापडला नाही. आजही सापडलेला नाही, आणि त्याबद्दल मला काही पश्चात्ताप नाही. प्रत्येक व्याख्यानाचा शेवट ठरलेला असायचा. ‘माझंही ऐकू नका. स्वतः विचार करा.’ लोकांना ते फार आवडायचं. मलाही.

आमचं लग्न नोंदणी पद्धतीने झालं. सासूबाईंनी कुरकुर केली नाही, पण मुलगी निघताना रीतीप्रमाणे पितळेची छोटी अन्नपूर्णा तिच्याबरोबर दिली, वाटीभर तांदळात बसवून. ही मूर्ती मग सासरच्या देव्हाऱ्यात जाते. आमच्या घरात देव्हारा नसेल ही माझी अट होती. पत्नी ‘बरं’ म्हणाली होती. मूर्तीचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

सात-आठ वर्षांनी कळलं. तिचे वडील आजारी म्हणून ती साताऱ्याला गेली होती. मुलगी शाळेत, आणि मी खिचडीसाठी तांदूळ काढत होतो. डबा तळाला आला होता. वाटी कशाला तरी ठण्णकन लागली. अंगठ्याएवढी अन्नपूर्णा, हातातली पळी झिजून नुसती काडी राहिलेली.

मला संताप आला. ‘माझ्या घरात देव नाही’ असं मी छातीठोकपणे सांगत होतो आणि रोज तिच्याच डब्यातला भात खात होतो. माळ्यावरची जुनी पितळी भांडी मोडीत द्यायची होतीच. त्यांत ती टाकली आणि भांड्यांच्या दुकानातून मोडीच्या बदल्यात स्टीलचा झाकणाचा डबा घेऊन आलो.

पत्नी परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तांदळात हात घातला, कोपरापर्यंत. मी पेपर वाचत होतो, म्हणजे धरून बसलो होतो.

“अहो, यात काही होतं.”

“मोडीत दिलं.”

हात तसाच डब्यात ठेवून ती म्हणाली, “विचारायचंत तरी.”

“काय विचारायचं? देव आहे का म्हणून?”

“ते नाही. आहे की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही. किती दिवस विचार करतेय. तुमचं एवढं लवकर कसं ठरलं, कोण जाणे.”

मग तिने हात झटकला आणि कुकर लावला. नव्या डब्यात तिने कधीच तांदूळ भरला नाही. त्यात कपडे वाळत घालायचे चिमटे ठेवले. तो डबा अजून आमच्या गॅलरीत आहे.

पुढच्याच व्याख्यानानंतर एका गृहस्थांनी मागच्या रांगेतून विचारलं, “मास्तर, जगाला शिकवता ते ठीक. घरी बायको ऐकते का?” सगळे हसले. मीही हसलो आणि म्हणालो, “माझ्या पत्नीला ऐकावं लागत नाही. तिने स्वतः विचार केला आणि माहेरची मूर्ती स्वतःच्या हाताने मोडीत दिली.” टाळ्या थांबेनात. आधी ठरवून बोललो नव्हतो, हे खरं. पण पुढच्या वेळी ठरवून बोललो, आणि त्यानंतर दर वेळी. दोन वर्षांनी ती गोष्ट एका पुस्तिकेत छापून आली. पत्नीने ती चष्मा लावून नीट वाचली.

“छान लिहिलंय,” ती म्हणाली. “बाई हुशार दिसते. कोण हो ही?”

मी याला तिची थट्टा समजलो. तसं समजणं सोयीचं होतं.

इथवर एक वेळ ठीक. खरा अपराध पुढचा आहे. मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा तिने आईकडे आजीची अन्नपूर्णा मागितली. लहानपणी तांदूळ निवडताना तिने ती पाहिली होती. मायलेकींचं ते गुपित होतं, हे मला त्याच दिवशी कळलं. पत्नी तेव्हा गॅलरीच्या दारात चिमट्यांचा डबा घेऊन उभी होती.

ती म्हणाली, “बाबांना विचार.”

मुलगी माझ्याकडे वळली. मला संधी होती. पत्नीने ती माझ्या हातात आणून दिली होती. मी म्हणालो, “अगं, आईनेच सोडली ती, विचार करून. पुस्तिकेत आहे ना.”

मुलीने आईकडे पाहिलं. “माझ्यासाठी ठेवावीशी नाही वाटली तुला?”

पत्नीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. “राहिलं खरं,” एवढं म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली.

मुलगी वाघोलीला असते. आईशी तिने भांडण असं केलं नाही, पण फोनवर कामापुरतं बोलायची. पत्नी जाऊन चार वर्षं झाली. ती गेली त्या दिवशी मुलगी मला म्हणाली, “आईने माझ्यासाठी एक वस्तू राखली नाही हो.” तेव्हाही मी गप्प राहिलो. आयुष्यभर पुराव्याबद्दल बोललो, आणि पुरावा माझ्याकडेच होता.

गेल्या आठवड्यात हे पान इथवर लिहून झालं. छापायच्या आधी तिने वाचायला हवं म्हणून बस धरून वाघोलीला गेलो.

“फोन करायचा ना, बाबा. एवढ्या उन्हाचे कशाला आलात?” तिने पाणी दिलं. मी कागद दिला. ती ओट्याला टेकून वाचू लागली. मधे एकदा मागचा परिच्छेद पुन्हा वाचला.

“तुम्ही मला ते सांगितलंत, तेव्हा आई दारातच उभी होती, आठवतंय मला.”

“हो.”

“आणि तुम्ही खोटं बोलताय हे तिला माहीत होतं.”

“हो.”

“आणि तरी ती म्हणाली, राहिलं खरं.” तिने कागद खाली ठेवला, खिडकी उघडली, पुन्हा लावून घेतली. “मी तिच्याशी सत्तावीस वर्षं मनात अढी धरून बोलले, बाबा. शेवटच्या आजारातसुद्धा.”

ती रडेल असं वाटलं होतं, ओरडेल असंही वाटलं होतं. तिने ड्रॉवरमधून पेन काढलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

“छापा. सगळं छापा. पण हे शेवटचं वाक्य काढा.”

शेवटी मी लिहिलं होतं, की आज ती असती तर तिने मला क्षमा केली असती.

“का?” मी विचारलं.

“तुम्हाला काय माहीत? तिला विचारलं होतंत?”

मी तिथेच ते वाक्य खोडलं. “आणि तू?” हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. निघताना ती खाली स्टॉपपर्यंत आली, बस येईपर्यंत शेजारी उभी राहिली, आणि बस दिसल्यावर म्हणाली, “तो चिमट्यांचा डबा टाकू नका. मी येऊन घेऊन जाईन.”