परवाचं सीताफळ

एसटी स्टँडबाहेर सीताफळं विकणाऱ्या बाई किती हवीत हे नंतर विचारतात. आधी विचारतात, "कधी खायचंय?" उन्हाळ्यात त्यांच्या पाटीत आंबे असतात, तेव्हाही पहिला प्रश्न हाच. गिऱ्हाईक वेळ सांगतं आणि बाई त्या वेळेला पिकणारं फळ काढून देतात.

काल ऑक्टोबरच्या उन्हात एक माणूस माझ्याआधी उभा होता.

"परवा सकाळी," तो म्हणाला. "वडिलांचं ऑपरेशन झालंय. परवापासून खायला देतील. सीताफळच हवं म्हणतात."

"परवा नक्की?"

"डॉक्टर हो म्हणाले तर."

"फळ काय डॉक्टरसाठी थांबतंय व्हय, दादा?"

बाई एकेक फळ अंगठ्यानं चाचपू लागल्या. मला सगळी सारखीच दिसत होती: हिरवी, टणक, डोळ्यांच्या मधे जेमतेम पांढुरकी रेघ. आत मात्र प्रत्येकाची गोडी आपापल्या गतीनं पुढे सरकत होती आणि ते सालीवरून एका अंगठ्याला कळत होतं. हवामानाचे अंदाज मी वर्षानुवर्षं पेपरात छापले आहेत; इतक्या खात्रीचा एकही आठवत नाही.

बाईंनी दोन फळं वेगवेगळ्या कागदांत गुंडाळली.

"हे परवाचं. हे तेरवाचं, डॉक्टर अडले तर."

त्यानं दोन्ही पुड्या छातीशी धरल्या. मग हळूच विचारलं, "आणि तेरवाही नाही म्हणाले तर?"

"तर परत या," बाई म्हणाल्या. "झाडाला अजून लई हायेत."