साहेबांच्या कुलुपाखाली

"याच्या बापाने आयुष्यभर राख उपसली आहे. घाणीत शिरायचं काम असलं की याला पाठवा. याला सवय आहे."

साहेब हे इंग्रजीत बोलले. माझ्या नोकरीचा पहिला दिवस, कॅन्टीनमधली चहाची रांग, आठ आयरिश माणसं. २०२० चा हिवाळा, सगळ्यांच्या तोंडाला मास्क. तरी कोण हसलं ते डोळ्यांवरून कळतंच. पाच हसले.

मग साहेब माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "राग नको मानूस हं. इथे सगळे अशी चेष्टा करतात. क्रॅक म्हणतात त्याला."

साहेब आमचेच. मराठी. पुण्याचे, प्लांटमध्ये शिफ्ट इंजिनिअर. मला मराठी माणूस भेटला म्हणून सकाळी गेटवर मी इतका खूश झालो, की खाडीवरून उडी मारून आलो असतो. त्यांनी आडनाव विचारलं. मग मूळ गाव विचारलं. मग वडील काय करायचे ते विचारलं. संपलं. गेटवर कपाळाला लावायची ती ताप मोजायची बंदूकसुद्धा इतक्या झटपट आकडा देत नव्हती.

"अच्छा, अच्छा," म्हणाले. "बरं, इथे कोटा नसतो हं. काम करावं लागतं."

मी थापाड्या माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. आयर्लंडमधल्या स्लायगोला एम.एस. केलं, करोना आला, साडेचारशे अर्ज टाकले. खरं तर सत्तरच टाकले. पण साडेचारशे म्हटल्याशिवाय त्या दिवसांचा वास येत नाही. शेवटी इंजिनिअर नाही, टेक्निशियन म्हणून या वीज केंद्रात लागलो. ट्रेनी. मला एक वही मिळाली. वहीत बारा कामं. प्रत्येक कामापुढे साहेबांची सही हवी. सह्या झाल्या की नोकरी पक्की, नोकरी पक्की झाली की इथे राहून काम करायचं परमिट. म्हणजे माझं आयर्लंडमधलं अख्खं बस्तान एका माणसाच्या बॉलपेनात.

माझा बाप विदर्भातल्या एका औष्णिक केंद्रात कंत्राटावर राख काढायचा. हा प्लांट गॅसचा. गॅसला राख नसते. मला वाटलं, सुटलो. पण साहेबांनी माझ्यापुरती घाण शोधून काढली.

वाफ थंड करायला प्लांट खाडीचं पाणी आत घेतो. पाण्याबरोबर शिंपले येतात. हजारो नळ्यांच्या तोंडाशी ते चिकटून बसतात आणि मरतात. प्लांट बंद ठेवला की कोणीतरी गोल झाकणातून नळ्यांपुढच्या लोखंडी खोलीत शिरून ते खरवडायचे. त्याचा वास? एकदा वरून चाललेला समुद्रपक्षी बेशुद्ध पडून माझ्या हेल्मेटवर आदळला. विश्वास ठेवू नका, पण वास तेवढा होता. दर वेळी आळीपाळीने माणूस जायचा. मी आल्यापासून पाळी एकाचीच.

तिथला एक नियम सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माणूस आत शिरण्याआधी पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करतात आणि त्यावर कुलूप लावतात. जो आत जाणार, त्याचं स्वतःचं कुलूप. त्यावर त्याचा फोटो, नाव. चावी त्याच्याच खिशात. पाच जण आत, तर पाच कुलुपं. शेवटचं कुलूप निघेपर्यंत मॅनेजरच्या बापालाही तो व्हॉल्व्ह उघडता येत नाही. तिथे झाडायला येणाऱ्या बाईलाही स्वतःचं कुलूप होतं.

मला नव्हतं.

दोनदा मागितलं. दुसऱ्या वेळी साहेब म्हणाले, "माझं आहे ना लावलेलं? माझ्या कुलुपाखाली राहा. मागायच्या आधी लायकी कमव."

आठ महिने राहिलो. नुसता राहिलो नाही. कॅन्टीनमध्ये मी त्या पाच जणांना आणखी हसवायला लागलो. बापाची नक्कल करून दाखवली. तो कामावरून कसा यायचा, पांढराफट्ट, भुतासारखा. आई त्याला दारात फक्त खोकल्यावरून कशी ओळखायची. टाळ्या पडल्या. सगळ्यांना वाटलं, फेकतोय. माझ्या आयुष्यातली ती एकच गोष्ट मी न फुगवता सांगितली होती. त्याची लाज मला आजही वाटते.

२०२१ चा उन्हाळा. प्लांट बंद. मी आत, गुडघ्यांवर, हातात खरवडणी. झाकणाबाहेर नोएल पहाऱ्याला. नोएल म्हणजे साठीचा फिटर, तोंडात शिवी आणि खिशात पेपरमिंट. तो आत शिरणार नव्हता, म्हणून त्याचं कुलूप नव्हतं. व्हॉल्व्हवर कुलूप एकच. साहेबांचं.

दुपारी साहेबांना लवकर घरी जायचं होतं. त्यांनी 'आत कोणी नाही' अशा कागदावर सही केली, स्वतःचं कुलूप काढलं आणि निघाले. कंट्रोल रूमने पाहिलं: कागद आला, कुलूप नाही. त्यांनी व्हॉल्व्ह उघडायला घेतला.

आधी गार हवा आली. मग नळ्यांतून गुरगुर. मग पायाला पाणी. नोएलने झाकणातून अर्धं अंग आत घालून माझी कॉलर धरली आणि असा ओढला, की खांद्याचं कातडं लोखंडालाच राहिलं. एका हाताने मला धरून दुसऱ्या हातातल्या रेडिओवर तो बोंबलत होता, "थांबवा! पोरगं आत आहे!"

मित्रांना सांगताना मी पाणी गळ्यापर्यंत आणलं असतं. पाणी घोट्यापर्यंत होतं. ते किती वेगाने चढत होतं, ते मला ठाऊक आहे.

साहेबांना पार्किंगमधून परत बोलावलं. मी भिजलेला, बुटांत शिंपले.

"अरे, तू आतच होतास होय?" म्हणाले. मग मला बाजूला घेऊन, मऊ आवाजात, "हे बघ, गोऱ्यांसमोर आपल्या लोकांची शोभा नको. अपघाताच्या फॉर्मवर लिही, काम संपल्याचं तूच मला फोनवर कळवलंस. उद्या वही घेऊन ये. सगळ्या सह्या करतो."

आपल्या लोकांची! आठ महिन्यांत पहिल्यांदा मी आपल्या लोकांत आलो होतो. तेही माझ्याच मरणावर पांघरूण घालायला.

मी बापाला फोन लावला. का लावला, माहीत नाही. सगळं ऐकून तो थोडा वेळ खोकला.

"कोनाच्या भरवशावर शिरला बे तू आत?"

"साहेबांच्या."

"आमच्यात दोघं असेच गेले. कागदावर काय लिवलं होतं, माहीत हाये? त्याईचीच चूक."

बापाने हे मला कधीच सांगितलं नव्हतं.

मी फॉर्म लिहायला बसलो. नऊ वाक्यं. पक्षी नाही, भुतं नाहीत. पाणी घोट्यापर्यंत. फोन मी केला नाही. व्हॉल्व्हवर माझं कुलूप नव्हतं, आठ महिन्यांत एकदाही नव्हतं. नोएल खाली साक्षीदार म्हणून सही करायला आला आणि पेन तसंच धरून थांबला. म्हणाला, "मी रोज बघत होतो तुझं कुलूप नाही ते. बोललो नाही. तेही घाल." तेही घातलं. दहावं.

अकरावं माझं मी लिहिलं. मला कुलूप न देण्याचं कारण माझी जात आहे.

मॅनेजरने दोघांना बोलावलं. साहेब हसून म्हणाले, "याला फुगवून सांगायची सवय आहे. कॅन्टीनमध्ये कोणालाही विचारा." यात खोटं काहीच नव्हतं. मी मॅनेजरला म्हटलं, "विचारा. आणि मग कंट्रोल रूममधला तो सहीचा कागदही मागवा."

कागद आला. साहेबांचं हसू गेलं.

मॅनेजर भला माणूस. त्याने बोट शेवटच्या वाक्यावर ठेवलं. "बाकी सगळं ग्रँड, ठीक आहे. हे मात्र काढलंस तर बरं. हे तुम्हा दोघांमधलं आहे, सुरक्षेचं नाही. यावरून चौकशी लांबेल आणि तुझी नोकरी पक्की व्हायची तारीख जवळ आहे."

साहेब मराठीत उसळले, "मी जात मानतच नाही! माझ्या तोंडून कधी ऐकलास का तू तो शब्द?"

"नाही साहेब," मी म्हटलं. "म्हणून मला लिहावा लागला."

मग मॅनेजरला इंग्रजीत सांगितलं की मी आत मेलो असतो, ते या वाक्यात लिहिलंय त्याच कारणाने. आणि फॉर्मवर सही केली.

चौकशी चालू आहे. साहेब दुसऱ्या शिफ्टला आहेत. वहीत सहा सह्या कमी आहेत. परमिटचं काय होईल, मला माहीत नाही. इथल्या मराठी लोकांच्या ग्रुपवर माझ्याबद्दल काय चाललंय, ते माहीत आहे. दोघांनी फोन करून समजावलं, एक वाक्य तर आहे, काढून टाक.

काढणार नाही. इथून हाकललं तर दुसऱ्या प्लांटच्या गेटवर उभा राहीन, आणि मागची नोकरी का गेली असं विचारलं तर पहिलं तेच वाक्य सांगेन.