घशाचं दुखणं मी देवाला वाहिलं

“सिस्टर, कॅन्सर आहे. स्वरयंत्र काढावं लागेल,” डॉक्टर म्हणाले. मी घोगऱ्या आवाजात विचारलं, “मग वर्गावर कधी उभी राहू?” त्यांनी ऑपरेशनची तारीख लिहून दिली.

आमचा धर्मसंघ धाडेल तिथं जायचं, शिकवायचं, आजाऱ्यांची सेवा करायची, हे आम्हा धर्मभगिनींचं व्रत. मला सोलापुरात धाडलं. दिवसा मुलींची शाळा, संध्याकाळी भवानी पेठेत टॉवेल शिवणाऱ्या बायकांचा साक्षरता वर्ग. माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. त्याचा मला गर्व होता.

आवाज बसला तो ईस्टरआधीच्या उपवासकाळात. त्या दिवसांत आम्ही काहीतरी देवाला वाहतो. कुणी चहा सोडतं, कुणी गोड. मी घशाचं दुखणं वाहिलं. आमच्या मठाच्या प्रमुख, सुपिरियर, त्यांनाही सांगितलं नाही. बोभाटा केला तर त्याग कसला? ईस्टर उलटला तरी मी गप्पच. दुखणं देवाला पोचलं की नाही ठाऊक नाही, गळ्यात मात्र वाढत राहिलं. असला शहाणपणा करू नका. आवाज तीन आठवडे बसलेलाच राहिला, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

आधी बायोप्सी झाली, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासला. मग सीटी स्कॅन. प्रत्येक ठिकाणी बाकावर बसून मी जपमाळ ओढायचे आणि मध्येच कुठवर आले ते विसरायचे. शेवटी लॅरिंजेक्टॉमी, म्हणजे स्वरयंत्र काढून श्वासासाठी गळ्याला कायमचं भोक.

देव आजाऱ्याच्या उशाशी असतो, असं मी कितीतरी जणांना सांगत आले. माझ्या उशाशी कफ ओढायचं मशीन होतं. प्रार्थना सुचेना. जेवण नाकातल्या नळीतून. मेले असते तर सुटले असते, असं दिवसभर वाटायचं. इतर सिस्टर आल्या की पाटीवर लिहायचे, ‘बरी आहे.’ त्या वाचून हसायच्या आणि जायच्या.

आठव्या दिवशी नीलव्वा आली, शेंगाची चटणी घेऊन. नळी बघून तिनं डबा पदराखाली लपवला. माझ्या वर्गातली ही सगळ्यात मठ्ठ बाई. दोन वर्षं झाली तरी वाचायची वेळ आली की चष्मा विसरलेला. एकदा मी सगळ्यांदेखत म्हणाले होते, “तुझ्या डोक्यात अक्षर शिरायचं नाही.”

“कसं हाय सिस्टर?” तिनं विचारलं.

हिला काही वाचता यायचं नाही, या भरवशावर मी पहिल्यांदा खरं लिहिलं.

तिनं पाटी मांडीवर घेतली. अक्षराखाली बोट धरलं. वाचायचं ते मोठ्यानं, हा माझाच नियम. “म-ला... ज-गा-य-चं... ना-ही. भी-ती... वा-ट-ते.”

सगळा वॉर्ड वळून बघू लागला. मी तोंड झाकून घेतलं आणि रडले. रडण्यालाही आवाज नव्हता.

नीलव्वाचेही डोळे भरले. पण तिनं पाटी पुसली नाही. शेजारी टेकली आणि म्हणाली, “लई भ्या वाटत आसंल की. आनि लिवा. मी वाचती.”

मी लिहीत राहिले. तिला उशीर झाला तरी ती उठली नाही.

भीती अजून आहे. दर तपासणीआधी वाढते. संध्याकाळच्या वर्गात मी फळ्यावर लिहिते, नीलव्वा मोठ्यानं वाचते. चुकली की मी डस्टर आपटते. देवाचे आभार मानायला मला अजून जमलेलं नाही. नीलव्वाची माफी मात्र मागितली, फळ्यावर लिहून. तीही तिनंच सगळ्यांना वाचून दाखवली.