साडेचार तासांवरचं जर्मनी

मनकर्णाबाईंच्या हातची भाकरी न खाल्लेला ड्रायव्हर औरंगाबादच्या बसस्टँडवर तेव्हा शोधून सापडला नसता. शहराचं नाव बदलायच्या आधीची गोष्ट. नवरा गेल्यावर बाईंनी स्टँडसमोर चूल मांडली आणि एकुलती लेक वाढवली. जावई वाळूजला कारखान्यात. कंपनीनं त्याला जर्मनीला धाडलं, मागोमाग लेक गेली, आणि तिकडंच तिला दिवस राहिले. डॉक्टरांनी विमानप्रवास मना केला. पोरीला माहेरी येता येत नसेल तर माहेरानं तिकडं जायचं, असं बाईंनी ठरवलं आणि तिकीट काढलं.

खबर लागताच थोरले चुलतदीर आप्पासाहेब सोयगावहून भावकी घेऊन हजर. लेकीच्या घरी आईनं मुक्काम करू नये, नातवंड होईस्तोवर तिथला घास घेऊ नये, हा त्यांचा कायदा. स्वतः जावयाकडं आठ दिवस आमरस ओढून आले होते, पण पुरुषाच्या पोटाला भावकी विचारत नाही.

त्यांनी तिकीट मागून घेतलं. मुंबईहून दुपारी एक, फ्रँकफर्टला संध्याकाळी साडेपाच. बोटांवर मोजून निकाल दिला, साडेचार तास. "एवढ्या वेळात तर आमची एसटी सोयगावला लागते. आधीच जाऊन बसायचं काय कारण? कळा सुरू झाल्याचा फोन आला की निघ. बाळ बघ अन् माघारी फिर."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी भावकीतलाच, मीही डोलावली, खोटं कशाला सांगू.

थोरल्या दिरासमोर बाई आजवर कधी बोलल्या नव्हत्या. पीठ मळता मळता, डोईवरचा पदर तसाच ठेवून त्या म्हणाल्या की साडेअकराला आपण पहिली भाकरी टाकतो तेव्हा लेक फोनवर सांगते, इथं आत्ता सात वाजलेत. तिकडचं घड्याळ साडेचार तास मागं चालतं.

"म्हंजे नुस्त्या विमानातच नऊ तास, भाऊजी. साडेसहा हजार किलोमीटर हाय ते. पुढं रेल्वे येगळी. अन् कळा काय एसटी हायेत, माझ्यासाठी थांब्यावर उभ्या ऱ्हायला?"

"भावकी तुझ्या दारात पाय ठेवणार नाय, मनकर्णा."

"नका ठेवू. मी जानार."

पौषात गेल्या. सातव्या दिवशी सकाळी लेकीला कळा लागल्या आणि तीन तासांत मुलगी झाली. फोनची वाट बघत बसल्या असत्या तर बाई तेव्हा मुंबईच्या वाटेवर फार तर वैजापूर ओलांडत असत्या.

बातमीचा फोन सोयगावला आला तेव्हा मी आप्पासाहेबांच्या शेजारीच बसलो होतो. ते मोठ्या मनानं म्हणाले, "चला, आता तिथलं खायला हरकत नाय."

पलीकडून बाईंचा आवाज रिसीव्हरबाहेर आला. "तुमची परवानगी उशिरा आली, भाऊजी. मी आल्या दिवसापासनं पोरीच्या घरचंच खाते. अन् सव्वा महिना हितून हलत नाय."

आप्पासाहेबांनी रिसीव्हर अलगद खाली ठेवला आणि लाइन कटली म्हणाले. संध्याकाळपर्यंत मी अख्ख्या सोयगावला सांगून आलो होतो, कटली नव्हती.