रुमालाखालचा हात

आमच्याकडं शेळ्यांच्या बाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. विकणारा आणि घेणारा हातात हात देतात, वर रुमाल टाकतात आणि आत बोटं धरून सौदा ठरवतात. एक बोट म्हणजे हजार. शेजारच्याला काही कळत नाही, म्हणून सौद्याला मजा असते.

माझे वडील सांगोल्याकडच्या एका बाजारात शेळ्या विकायचे. त्यांचा हात रुमालाखाली कुणी घेतला नाही. हाताला हात लागला तर विटाळ. त्यामुळं त्यांना भाव मोठ्यानं सांगावा लागायचा. तो सगळा बाजार ऐकायचा, आणि एकदा ऐकलेल्या भावावर कुणी चढत नाही. ऊन डोक्यावर आलं की ते आपणहून खाली यायचे.

त्याच बाजारात मी दोन शेळ्यांपासून सुरुवात केली. आज सोलापुरात माझं घर आहे, दारात स्वतःचा टेम्पो आहे. माझ्या तोंडाला लागू नये असं व्यापारी म्हणतात, आणि ते खरं आहे. हळूहळू सगळ्यांनी रुमालाखाली हात दिला. एकानं नाही दिला. बाजारातला सगळ्यात मोठा व्यापारी तो. मी समोर गेलो की म्हणायचा, "हात घाण हायत पाव्हणं, तोंडानंच सांगतो." तीस वर्षं दर गुरुवारी त्याचे हात घाण असायचे. माझ्यानंतर येणाऱ्यासाठी ते लगेच स्वच्छ व्हायचे. ही गोष्ट मी कुणाला बोललो नाही, पण एक गुरुवारही विसरलो नाही.

माझी मुलगी कॉलेजात इतिहास शिकवते. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचा लढा तिच्या शिकवण्यात आहे. जेवताना ती मलाही शिकवते.

"त्यांच्या आजोबांच्या काळात पाट्या होत्या, पप्पा. गोऱ्यांचा नळ इकडं, काळ्यांचा तिकडं. एका गावात माणसं वर्षभर पायी चालली, पण वेगळ्या बाकावर बसायला बसमध्ये चढली नाहीत. पाटी दिसत होती, ती काढायला लावली. आता पाटी नाही. म्हणून त्यांची पोरं फोन धरून चित्रण करतात. पाटी फोनमध्ये दिसते."

"अमेरिका लांब आहे," मी म्हणालो. "मला शेळ्या इथं घ्यायच्यात."

गेल्या महिन्यात तिला सुट्टी होती म्हणून ती माझ्याबरोबर बाजाराला आली. त्या व्यापाऱ्याच्या भावाची तिथं चहाची टपरी आहे. त्यानं सगळ्यांना काचेच्या ग्लासात चहा दिला. मला आणि आमच्या वस्तीतल्या दोन हमालांना कागदी कपात दिला. तो कप मी कित्येक वर्षं घेत होतो. कागदी कप स्वच्छ असतो, असं मी स्वतःला सांगून ठेवलं होतं.

"मामा, ग्लास संपले का?" तिनं विचारलं.

"न्हाय की. तुमच्या लोकास्नी ह्योच कप आसतुय. पैल्यापास्नं."

तिचा फोन चालू होता. संध्याकाळपर्यंत ते चित्रण जिल्हाभर फिरलं.

मग फोन सुरू झाले. शिव्या देणारे मला परवडतात, मीही देतो. चौथ्या दिवशी एकजण फार आदबीनं बोलला. "मॅडम सव्वाचारला सुटत्यात न्हवं? नीट घरी पोचत्यात का, तेवढंच इचारायचं हुतं."

फोन ठेवला आणि मी दाराला कडी घातली. माझ्या वडिलांच्या भीतीला हद्द होती. कुठल्या गल्लीत जायचं नाही, कुठं चप्पल काढायची, हे त्यांना माहीत होतं. मी आडनाव विचारलं जाईल म्हणून भ्यायचो. मुलगी भीतच नाही, म्हणून तिच्या वाट्याचीही भीती माझ्याकडं आली. त्या भीतीला हद्द नव्हती. तिच्या कॉलेजच्या गेटवर थांबलेली प्रत्येक मोटारसायकल मला ओळखीची वाटायला लागली.

"ते काढून टाक," मी तिला म्हणालो.

ती पोलिसांत द्यायची तक्रार लिहीत होती. "साक्षीदार लागतो, पप्पा. हमालांना उद्या तिथंच पोट भरायचंय. कप तुमच्याही हातात होता."

"मी सही करणार नाही."

ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. साक्षीदाराची ओळ तिनं कोरी ठेवली.

पुढच्या गुरुवारी मी एकटा गेलो. तो व्यापारी स्वतः उठून आला.

"या पाव्हणं," म्हणाला आणि हात पुढं केला. वर रुमाल टाकला.

खरं सांगतो, तो हात मला सोडवेना. तीस वर्षं मी त्याची वाट पाहिली होती. त्यानं माझी पाच बोटं दाबली. समोरचा बोकड आठ हजारांच्या खाली जाणारा नव्हता.

"दर येळी ह्योच भाव," तो हळूच म्हणाला. "फकस्त पोरीला तेवढं मिटवायला सांगा. पोरीची जात, उगं काळजी वाटती."

त्याचा तळवा घामानं भिजला होता. तोही घाबरला होता. त्यानं मला धीर आला नाही, उलट जास्तच भीती वाटली. घाबरलेला माणूस काय करील सांगता येत नाही.

मी हात काढून घेतला. रुमाल खाली पडला.

"आठ हजाराचा बोकड मला पाचाला का देताय?" मी मोठ्यानं विचारलं. "कशासाठी, ते सगळ्यास्नी सांगा की."

"पाव्हणं, हळू बोला."

"तीस वर्सं तुमीच मोठ्यानं बोलायला लावलंत."

त्यानं रुमाल उचलून झटकला. "बोकड इकायचा न्हाय," म्हणाला आणि पाठ फिरवली.

रिकामा टेम्पो घेऊन निघालो. सोलापूरपर्यंत रस्त्यापेक्षा आरशातच जास्त पाहिलं. एक मोटारसायकल अर्ध्या वाटेपर्यंत मागं होती, मग वळली. तिचा माझ्याशी काही संबंध नसेलही.

चारच्या आधी कॉलेजच्या गेटला टेम्पो लावला. सव्वाचारला ती बाहेर आली आणि मला पाहून थबकली.

"काय झालं?"

"बस आत. तक्रारीचा कागद आणलाय का?"

तिनं पिशवीतून काढून दिला. स्टिअरिंगवर ठेवून मी सही केली. सही वाकडी आली.

"ही चालंल का?"

"चालेल," ती म्हणाली आणि तिच्या बाजूची काच वर केली. मी उतरून मागं जाऊन पाहिलं. कुणी नव्हतं. तरी पुन्हा एकदा पाहिलं, मगच गाडी चालू केली.