चौथा सड

माझी गाय आणि माझ्या चुलतभावाची गाय एकाच बापाच्या. उंब्रजहून डॉक्टर फटफटीवर आले तेव्हा आम्हा दोघांच्याही गावठी गायी माजावर होत्या. डॉक्टरांनी एकाच जर्सी वळूच्या रेताच्या दोन कांड्या काढल्या. एक माझ्या गोठ्यात वापरली, एक भिंतीपलीकडे त्याच्या गोठ्यात. दोघींना कालवडी झाल्या. माझी जरा उंच, त्याचीच्या कपाळावर पांढरा ठिपका. बाकी फरक सांगता आला नसता.

त्या दोघी वाढून व्यायल्या, त्याच सुमारास सांगलीहून एका योजनेची माणसं गावात आली. संकरित गायींचं दूध वेतभर, म्हणजे व्यायल्यापासून आटेपर्यंत मोजायचं, गावातली सर्वांत जास्त दुधाची एक गाय निवडायची आणि तिला निवडक वळूचं रेत भरायचं, अशी ती योजना. खोंड झाला तर तो मोठा होऊन वळू व्हायचा आणि त्याचं रेत जिल्हाभर जायचं. निवडायची ती गाय माझीच असावी, असं मला फार वाटू लागलं.

चुलतभाऊ माझ्याहून लहान. फौजेतून पेन्शन घेऊन आलेला. गावात कुठंही गेला की त्याला आधी खुर्ची मिळायची. जमीन निम्मी-निम्मी वाटलेली, पण विहिरीला पाणी लागलं ते त्याच्या हिश्श्यात. मी साखर कारखान्यात वजनकाट्यावर. उसाची गाडी काट्यावर चढली की मी आकडा बघतो, कुणाची गाडी आहे ते बघत नाही. मला वाटलं, आमच्या दोघांतली एक तरी गोष्ट आता आकड्यावर ठरेल.

मोजणारा माणूस महिन्यातून एकदा यायचा. सकाळ-संध्याकाळ धारेच्या वेळी उभा राहायचा आणि चरवीतलं दूध मापून लिहून न्यायचा. गावातल्या बाकी गायी आमच्या दोघींच्या मागे, पण दर महिन्याला पलीकडची गाय पुढे. तिचं अकरा लिटर भरलं तर माझीचं नऊ.

याचं कारण मला ठाऊक होतं. माझी बायको माणदेशातल्या खिलार पाळणाऱ्या घरची. तिच्या माहेरी गायीचे तीन सड माणसांचे, चौथा वासराचा. त्या चौथ्याला धार काढणारा हात लावत नाही. लग्न होऊन आल्यापासून आमच्या गोठ्यात हीच रीत होती. चुलतभावाने मात्र वासरू जन्मल्याबरोबर वेगळं बांधलं होतं. त्याला तो बादलीने पाजायचा. त्याच्या गायीच्या चारही सडांचं दूध मापात यायचं, माझीच्या तीनच सडांचं. तीन सडांना नऊ, तर चारांना बारा. म्हणजे माझीच गाय सरस होती.

हे मी मोजणाऱ्याला समजावून सांगितलं. मापात येईल तेवढंच लिहायचा नियम आहे, असं तो म्हणाला. त्याच्या जागी मीही तेच म्हणालो असतो. पण चुलतभावाने भिंतीवरून हे सगळं ऐकलं.

"दादा, तुमची गाय लय धर्मादाय हाय," तो म्हणाला. "थोडं वासराला, थोडं मांजराला, उरलं तर सरकारला."

मोजणारासुद्धा हसला. ते हसणं मला बरेच दिवस पुरलं. पहाटे पलीकडे धार सुरू झाली की मी अंथरुणातच आवाजावरून माप काढायचो, आणि दिवस तिथंच कडू व्हायचा.

शेवटच्या मोजणीच्या सकाळी मी बायकोला सांगितलं की आज वासरू परड्यात बांध, चारही सड पिळायचे. तिने दावं हातात घेतलं, पण जागची हलली नाही.

"आवं, मोजणारा यील आन जाईल," ती म्हणाली. "गाय काय त्याच्या वळखीची हाय व्हय?"

मी स्वतःच वासरू मागे नेऊन बांधलं आणि धारेला बसलो. रोज आधी वासरू तोंड लावायचं, गाय पान्हा सोडायची, मग आमची धार. त्या दिवशी वासरू परड्यात ओरडत होतं आणि गाय मान तिकडे वळवून उभी होती. तिने पान्हा चोरला. मी पेंडीचं आंबोण पुढे केलं, कास कोमट पाण्याने धुतली, पाठ थोपटली. सड हातात नुसते मऊ लागत होते. चारही सडांचं मिळून चार लिटरसुद्धा भरलं नाही. मोजणाऱ्याने घड्याळ बघितलं आणि आकडा लिहिला.

चुलतभाऊ भिंतीपाशी होताच. या खेपेला तो हसला नाही.

"दादा, वासरू सोडा," तो हळू म्हणाला. "जनावर हाय ते. काटा न्हाई."

त्याने टोमणा मारला असता तर मला सोपं गेलं असतं.

खरं सांगायचं तर त्या एका मोजणीने निकाल फिरला नाही. आधीच्या बेरजेतही मी मागेच होतो; ती मी पुन्हा पुन्हा करून पाहिली आहे. त्याची गाय निवडली गेली, तिला ते खास रेत भरलं आणि तिला खोंडच झाला. त्यालाही जन्मल्याबरोबर वेगळं बांधलं. तो थोडा मोठा झाल्यावर सांगलीहून टेम्पो आला. खोंडाला गुलाल लावला, गळ्यात हार घातला. माझ्या बायकोने जाऊन ओवाळलं. मी दारात उभा राहून पाहिलं. खोंडाचा बांधा, पाठीची सरळ रेघ, सगळं माझ्या गायीसारखं होतं. ती त्याची मावशीच की.

संध्याकाळी बायको माझ्याशेजारी येऊन बसली. मला काय झालंय ते तिला कळत होतं.

"आपल्या गाईचं वासरू असं न्हेलं असतं, तर तिनं धार दिली नसती," ती म्हणाली. "हंबरून गाव गोळा केलं असतं."

ती समजूत घालत होती. मी भिंतीपलीकडे कान देऊन होतो. तिकडे रोजच्या वेळेला धार लागली होती आणि चरवी एकसारखी भरत चालली होती. त्या गायीचं काही गेलंच नव्हतं.